होडीच्या बंद कप्प्यात दर खेपेला तांब्याभर पाणी: सिलिकॉन, रबर, झाकण सगळं बदललं, गडबड दुसरीकडंच होती

घरी बांधलेल्या होडीच्या बंद कप्प्याला हॅच, म्हणजे उघडता येणारं झाकण, बसवला आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी आत पाणी सापडतंय, रबर बदललं तरी सापडतंय, झाकण बदललं तरी सापडतंय, अशी ज्यांची गत झालीय त्यांच्यासाठी लिहितोय. माझी दीड वर्षं यात गेली. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय आणि माझ्या होडीत मात्र न बोलावता येतंय, यावरून घरात खायचे तेवढे टोमणे खाऊन झालेत, त्यामुळं आता निवांत सगळं सांगतो.

होडी बारा फुटी. ६ मिलिमीटरचा मरीन प्लाय, आयएस ७१० चा शिक्का बघून घेतलेला. फळ्या कापायच्या, कडेनं भोकं पाडून तारेनं टाके घालायचे, आतल्या सांध्यात इपॉक्सीत (दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या गोंदात) लाकडाचा भुसा कालवून भरायचा, वरून काचेचं कापड, या पद्धतीची. अक्कलकोट रोडला मेव्हण्याची बंद पडलेली लूमची शेड आहे तिथं बांधली. उन्हाळ्यात बांधायला घेतली ही पहिली चूक, कारण एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा ४२-४३ ला टेकतो आणि वाटीत कालवलेलं इपॉक्सी हातातच तापून धूर काढायला लागतं, पण तो विषय वेगळा. पुढं एक आणि मागं एक असे दोन कप्पे, वरून डेक, आणि कप्पा आणि बसायची जागा यांच्या मधली उभी फळी म्हणजे बल्कहेड. आधी दोन्ही कप्पे कायमचे बंद होते, हवेच्या टाक्या म्हणून. होडी उलटली तरी बुडू नये, एवढंच त्यांचं काम.

मग उजनी धरणाच्या बॅकवॉटरला केत्तूरच्या बाजूनं रोहित पक्षी बघायला जायला लागलो तर दुर्बीण, मोबाइल, जादाचे कपडे, कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा, सगळं पायात घेऊन बसावं लागायचं आणि एक लाट आली की चटणीची आमटी. त्यात एका जाणत्या सुतारानं सांगितलं की कायम बंद ठेवलेला लाकडी कप्पा आतून कुजतो, ओल कशीही आत शिरते आणि बाहेर पडायला तिला वाट नसते, वर्षातून दोन-चार वेळा उघडून वारा देता आला पाहिजे. ते पटलं. पुढच्या डेकला सहा इंची गोल भोक पाडलं, आट्यांचं प्लास्टिकचं झाकण आणि त्याची रिंग मुंबईहून मागवली (सोलापुरात विचारून बघितलं, दुकानदारानं मोरीची जाळी दाखवली), आठ स्क्रूनं रिंग आवळली, खाली सिलिकॉन फिरवलं, झालं.

पहिल्याच फेरीला आत तांब्याभर पाणी.

मग मी तेच केलं जे सगळे करतात, म्हणजे झाकणावर संशय. सिलिकॉन खरवडून परत लावलं. परत पाणी. झाकणाखालची रबराची ओ-रिंग काढून ऑइल सील-बेअरिंगच्या दुकानातून दुसरी आणली, तिथं नायट्राइल रबराची दोरी मीटरवर मिळते, तिरकी कापून टोकं फेविक्विकनं जोडली की पाहिजे त्या मापाची रिंग होते, हे एक चांगलं शिकायला मिळालं. पण पाणी तेवढंच. शेवटी अख्खं झाकण नवीन मागवलं, महागाचं. त्या फेरीला मेव्हणा बरोबर होता, कप्पा उघडून आत हात घातला आणि म्हणाला, "दाजी, होडीला तहान लागूलालीय बघा."

चिडून एक वही केली. कधी निघालो, ऊन किती होतं, पाण्यात किती वेळ होतो, आत किती पाणी निघालं, तेही अंदाजानं नाही तर स्वयंपाकघरातल्या मापानं मोजून. सहा-सात नोंदी झाल्यावर नुसती वही चाळली तरी तीन गोष्टी दिसायला लागल्या आणि त्या मला आधी दिसल्या नाहीत याची लाजच वाटली. अर्धा तास होडी पाण्यात असो नाहीतर चार तास, पाणी साधारण तेवढंच, लिटरभर. खरी गळती असती तर वेळेबरोबर वाढली असती की. हे पाणी सुरुवातीला एकदाच येत होतं आणि मग थांबत होतं. दुसरं, जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत पहाटे पाचला सोलापुरातून निघालो होतो त्या फेरीला कप्पा कोरडा ठणठणीत. आणि तिसरं, होडी पाण्यात गेल्यावर दहा मिनिटांनी झाकण उघडायला गेलं की दोन्ही हातांनी जोर लावून निघत नव्हतं, आणि तेच झाकण घरी संध्याकाळी एका हातानं फिरायचं. मी आपला ग्रीस कमी पडतंय म्हणून ग्रीस फासत बसलो होतो.

तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. तो पडला गवंड्याच्या लेव्हल पाइपमुळं.

झालं असं की शेडमध्येच कप्प्याची टेस्ट करायची ठरवली. झाकणाच्या रिंगजवळ बारीक भोक पाडून त्यात सलाइनची नळी चिकटवली, ती गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपच्या एका टोकाला जोडली, पाइप इंग्रजी यूच्या आकारात भिंतीला टांगून त्यात नीळ घातलेलं पाणी भरलं. मग जोडावर बसवलेल्या इंग्रजी टी आकाराच्या तोटीतून तोंडानं हलकं फुंकलं, दोन बाजूंच्या पाण्यात १० सेंटीमीटरचा फरक आला की चिमटा लावून बंद. कप्पा गळत असेल तर फरक हळूहळू कमी होणार, किती मिनिटांत निम्मा होतोय ते बघायचं. साधी गोष्ट. इथं एक धोक्याची सूचना, मेव्हणा म्हणत होता शेजारच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणू, ते चुकूनही करू नका. चौरस सेंटीमीटरला नुसता १०० ग्रॅम दाब धरला तरी माझ्या पुढच्या डेकवर आतून साडेतीनशे किलोचा रेटा येतो, डेक पापडागत उडेल. तोंडानं फुंकलेलं भरपूर होतं.

तर दहा सेंटीमीटर लावले आणि चहा प्यायला बसलो. पाच मिनिटांनी बघतो तर फरक कमी व्हायच्या ऐवजी तेरा. मला वाटलं मीच चुकीचं वाचलं. आणखी पाच मिनिटांनी सतरा. गळणारा कप्पा फुगतोय कसा? वर बघितलं तर शेडच्या पत्र्यात एक जाळीचा तुकडा आहे त्यातून ऊन सरकत सरकत बरोबर डेकवर आलं होतं. हात लावला तर प्लाय गरम. डेकवर भिजवलेलं पोतं टाकलं तर फरक सरसर खाली आला, शून्याच्याही पलीकडं जाऊन उलटा झाला, म्हणजे कप्पा आता बाहेरची हवा आत ओढत होता.

नुसत्या एका डिग्रीच्या फरकानं त्या पाइपात तीन सेंटीमीटरचा फरक पडतो, हे मग कागदावर मांडल्यावर कळलं. आणि आमची होडी काय एका डिग्रीनं तापत नाही. छोट्या हत्तीवर पालथी न घालता सरळ बांधून सोलापूर ते टेंभुर्णी आणि पुढं, दीड-दोन तास भर उन्हात, वरून गडद निळा ऑइल पेंट मारलेला डेक. पुढच्या खेपेला आत थर्मामीटर ठेवला तर ५८ दाखवत होता. त्या प्रवासात तापलेली हवा फुगून जिथून फट मिळेल तिथून निघून जाते, घाटावर पोचेपर्यंत आत आहे ती कमी हवा, पण गरम. मग आपण काय करतो, होडी उचलतो आणि थेट पाण्यात ढकलतो, वर डेकवर चार ओंजळी पाणी पण मारतो कारण बसताना चटका बसतो. आतली हवा पाच-दहा मिनिटांत ३० डिग्रीवर येते. डिग्रीत २७३ मिळवून हिशोब केला तर ३३१ ची ३०३ झाली, म्हणजे साडेआठ टक्के आकसली. माझा कप्पा ऐंशी-नव्वद लिटरचा आहे, त्यातली सातएक लिटर जागा भरायला काहीतरी आत यायलाच पाहिजे. हवा आली तर हवा, पण त्या वेळी फटीच्या तोंडाशी पाणी उभं असलं तर पाणी.

जोर किती असतो तेही बघा. चौरस सेंटीमीटरला ८० ग्रॅमच्या आसपास ओढ, सहा इंची झाकणावर त्याचे होतात चौदा-पंधरा किलो. म्हणून झाकण फिरत नव्हतं. पाण्याच्या हिशोबात सांगायचं तर ते झाकण आणि त्याचे आठ स्क्रू जणू ८० सेंटीमीटर खोल पाण्यात बुडवून धरलेत, आणि आपली होडी तरंगतेय वितभर पाण्यात. खरं बघता डेक थोडा आत दबतो, कुठून थोडी हवा पण शिरते, त्यामुळं एवढी ओढ पूर्ण येत नाही, पण निम्मी धरली तरी साध्या पावसाला जे झाकण दाद देत नाही ते इथं हरतंय. गरम भाजी डब्यात भरून लगेच झाकण लावलं की दुपारी ऑफिसात ते झाकण निघत नाही, तोच प्रकार, फक्त आपण डबा वर पाण्यात बुडवतोय.

उपाय दोन रुपयांचा आहे आणि समुद्रात कयाक चालवणारे तो कायम करतात. बल्कहेडला अगदी वर, डेकच्या लगेच खाली, दीड-दोन मिलिमीटरचं एक भोक. बस. हवा त्यातून आत-बाहेर होत राहते, दाब साठतच नाही, ओढच तयार होत नाही. आपणच वॉटरटाइट कप्प्याला भोक पाडायचं हे मनाला पटत नाही, माझ्याही पटलं नव्हतं, ड्रिल हातात धरून पाच मिनिटं उभा होतो. पण ते भोक वरच्या टोकाला आहे, होडीत पाणी भरलं तरी तिथपर्यंत शेवटी पोचणार, आणि एवढ्याशा भोकातून पोचलं तरी थेंब थेंब येणार. मी जरा जास्त शहाणपणा करून भोक ४ मिलिमीटरचं पाडलं आणि त्यात उरलेली सलाइनची नळी घालून आतल्या बाजूला डेकखाली तिचा उलटा वेटोळा बांधला, म्हणजे शिंतोडा उडाला तरी वर चढून पलीकडं पडायला नको. टेस्टसाठी डेकला पाडलेलं भोक बुजवून टाकलं. त्या दिवशी भर दुपारी एकला होडी पाण्यात घातली. दहा मिनिटांनी झाकण एका हातानं फिरलं. आत चमचाभर पाणी.

चमचाभर. म्हणजे ओढ गेली पण फट होतीच. ओढ नसताना पण ज्यांचा कप्पा भिजतो त्यांनी इथून पुढचं नीट वाचा.

फट कुठंय ते शोधायला महागाचं काही लागत नाही. बसायच्या जागेत दोन बादल्या पाणी घाला आणि त्यात नीळ कालवा. कप्प्यात निळं पाणी आलं तर बल्कहेडच्या बुडाचा सांधा गळतोय, झाकणाचा काही संबंध नाही. मग ते पुसून, आतल्या बाजूनं रिंगच्या भोवती आणि प्रत्येक स्क्रूच्या टोकावर कोरडं कुंकू भुरभुरायचं, आत हात घालून, थोडं नाकात जातंय, चालायचंच. वरून डेकवर झारीनं दहा मिनिटं पाणी मारायचं. उघडून बघायचं, जिथून पाणी उतरलं तिथं लाल ओघळ. माझ्या आठ स्क्रूपैकी तीन स्क्रूखाली ओघळ होते आणि बल्कहेडच्या कोपऱ्यात एक टाचणीएवढं छिद्र निळं झालं होतं. ओ-रिंगखाली एक थेंब नाही. म्हणजे जी ओ-रिंग मी दोनदा बदलली ती बिचारी पहिल्या दिवसापासून आपलं काम करत होती.

आणि जर डेकच्या खालच्या बाजूला सगळीकडं सारखे बारीक थेंब धरलेत, कोपऱ्यात डबकं नाही, तर ती गळती नाहीच. ओला टॉवेल, ओले बूट आत ठेवले, झाकण लावलं, आतली हवा दमट झाली आणि डेक थंड पडल्यावर तिला घाम सुटला, एवढंच. सोलापुरी टॉवेल किती पाणी धरतो ते सांगायला नको. ओलं सामान बाहेर ठेवा.

स्क्रूची भोकं ही प्लायच्या होडीतली सगळ्यात दुर्लक्षित जागा. आपण काय करतो, प्लायला ड्रिल मारतो आणि स्क्रू पिळतो. त्या भोकाच्या आत प्लायचे थर उघडे पडलेले असतात, ते पाणी पितात, फुगतात, सुकतात, स्क्रू सैल होतो, मग तो आणखी आवळायचा, मग प्लाय चिरडतो. मी सगळे स्क्रू काढले. प्रत्येक भोक दुप्पट मोठं केलं, त्यात जाड केलेलं इपॉक्सी भरलं, खालून चिकटपट्टी लावून, दुसऱ्या दिवशी त्या इपॉक्सीच्या खुंटीत मधोमध परत बारीक भोक पाडलं. आता स्क्रूला लाकूड लागतच नाही. भोकाच्या तोंडाला मोठ्या ड्रिलनं जरासा खळगा करायचा, म्हणजे सीलंट तिथं बसून स्क्रूभोवती आपोआप छोटी रिंग तयार होते. आणि मोठं गोल भोक कापलंय त्याची कड, तिला इपॉक्सीचे तीन हात, प्रत्येक हात पिऊन झाल्यावर पुढचा. माझी कड वर्षभर नुसत्या पेंटवर होती, नख लावलं तर थर सुटत होते.

दुसरी गोष्ट, ६ मिलिमीटरचा डेक हा वाकतो. त्यावर गुडघा टेकला की रिंग सरळ राहते आणि प्लाय खाली जातो, सीलंट फाटतो. म्हणून खालून १२ मिलिमीटरच्या प्लायची मधे भोक असलेली एक चकती, कडेची पट्टी दोन इंच रुंद, चिकटवून घ्यायची आणि स्क्रू त्यात जातील एवढे लांब घ्यायचे. शक्य असेल तर वरून पण एक चकती, म्हणजे झाकण डेकच्या वर बोटभर उचललं जाईल आणि त्याच्या भोवती पाणी साचून राहणार नाही. माझं झाकण डेकच्या सपाटीला होतं, दिसायला झकास, पण त्याच्या खाचेत कायम पाणी उभं, आणि ओढ लागली की पहिला घोट तिथूनच.

सीलंटबद्दल माझं मत स्पष्ट आहे, शिरक्याच्या वासाचं बाथरूमचं सिलिकॉन होडीला लावू नका. एकदा लावलं की ते पूर्ण निघत नाही आणि त्या जागेवर पुढं ना पेंट धरत ना इपॉक्सी, दोन दिवस खरवडत बसलो होतो. गाडीच्या पुढच्या काचा बसवणारे जो काळा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरतात तो घ्या, काच बसवणाऱ्याच्या दुकानात मिळतो. लावताना स्क्रू एकदम आवळायचे नाहीत, नाहीतर सगळा सीलंट बाहेर निघून येतो आणि आत फक्त समाधान उरतं. हाताला लागेपर्यंत आवळा, कडेनं थोडा बाहेर आला पाहिजे, मग एक-दोन दिवस सोडा, आणि वाळल्यावर प्रत्येकाला पाव फेरा. माखलेले हात आणि झाकण पुसायला थिनर किंवा ॲसिटोन घेऊ नका, पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या झाकणाला त्यानं केसासारखे तडे जातात.

मागच्या कप्प्याला मी पैसे वाचवायला गेलो होतो ते पण सांगतो. लोणच्याची मोठी प्लास्टिकची बरणी असते ना आट्यांच्या झाकणाची, तिचा गळा कापून डेकच्या भोकात इपॉक्सीनं चिकटवला. दिसायला इतकं भारी झालं की दहा जणांना फोटो पाठवला. महिन्यात गळा हातात आला, अख्खा, इपॉक्सीचा एक कण पण त्याला धरला नव्हता. त्या बरण्या, बादल्या, ड्रम हे पॉलिथीन नाहीतर पॉलिप्रॉपिलीनचे असतात, त्याला इपॉक्सी धरत नाही आणि सीलंट पण धरल्यासारखं करतो. बरणीच वापरायची असेल तर गळ्याला कॉलर ठेवून कापा आणि खाली-वर चकत्यांत दाबून मशिन स्क्रूनं पकडा, मध्ये रबर घालून. चिकटपणावर विसंबू नका.

रबराची काळजी हा आमच्याकडच्या उन्हाचा वेगळा ताप आहे. झाकण आवळून होडी शेडमध्ये सहा महिने ठेवली की रबर दबलेल्या आकारातच राहतं, परत फुगत नाही. होडी पाण्यात नसेल तेव्हा झाकण सैल, खरं तर काढूनच ठेवा. नायट्राइलला साधं ग्रीस चालतं, पण रबर कुठलं ते माहीत नसेल तर सिलिकॉन ग्रीसच लावा, कारण ईपीडीएम जातीचं आणि साधं रबर पेट्रोलियमच्या ग्रीसनं फुगून लिबलिबीत होतं. आणि लावायच्या आधी आटे पुसा. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली (साठा वापरायच्या पातळीखाली उतरला) की काठापासून पाण्यापर्यंत नुसता काळा गाळ असतो, होडी ओढताना तोच गाळ हाताला, हातातून आट्याला, आणि वाळला की त्याचा एक खडा ओ-रिंगखाली पुरेसा आहे.

आता जरा गंभीर. कप्प्याला हॅच बसवला की तो कप्पा हवेची टाकी म्हणून विश्वासाचा राहत नाही, हे आधी डोक्यात घ्या. झाकण लावायचं राहू शकतं, उलटताना निघू शकतं. २०२४ च्या मे महिन्यात याच उजनीत कुगाव ते कळाशीच्या मध्ये वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले, तेव्हापासून आमच्या घरी होडी म्हटलं की पहिला प्रश्न तोच. मी दोन्ही कप्प्यांत टोकाकडच्या अडचणीच्या जागेत, जिथं तसाही हात पोचत नाही, दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या बुचं घट्ट लावून बसवल्यात, एका कप्प्यात बारा. एक बाटली साधारण दोन किलो उचलते, म्हणजे पुढं चोवीस आणि मागं चोवीस किलो तरंगण झाकणाच्या भरवशावर नाही. जाळीनं बांधा, नाहीतर कप्पा भरला की त्या हॅचमधून एकेक करून निघून जातील. थर्माकोल पण चालतो, पण त्याच्या जवळ पॉलिस्टर रेझिन आणि पेट्रोल आणू नका, विरघळून जातो. आणि लाइफ जॅकेट अंगात घाला, कप्प्यात ठेवू नका. मी असे दोघं बघितलेत ज्यांनी कप्प्यात ठेवलं होतं.

हे सगळं केल्यावर पावसाळ्यानंतर चार फेऱ्या झाल्या, तळाला वर्तमानपत्र अंथरून ठेवत होतो, चारी वेळा कागद कोरडा. मेव्हण्याला फोटो पाठवले, उत्तर नाही.

आणि मग मार्चमध्ये परत तांब्याभर पाणी.

तेवढंच, तसंच, झाकण परत जाम. मी घाटावरच खाली बसलो. घरी येऊन नीळ, कुंकू, सगळं परत केलं, एक ओघळ नाही. संध्याकाळी वैतागून सलाइनच्या नळीत बाहेरून फुंकलं तर हवा जाईना. नळी ओढून काढली, उजेडात धरली तर आत दीड इंच वाळलेली माती, व्यवस्थित कप्पे पाडून भरलेली, आणि एका कप्प्यात पांढरी अळी. शेडमध्ये चार महिने होडी उभी होती तेवढ्यात कुंभारमाशीनं तिथं घर बांधलं होतं. शेडच्या खिडकीच्या कडीत, ड्रिलच्या डब्यात, सगळीकडं तिची घरं आहेत, ती मी रोज बघत होतो, नळीचं मनात आलं नाही.

आता नळीच्या तोंडाला चहाच्या गाळणीची बारीक जाळी कापून बांधलीय, आणि होडी छोट्या हत्तीवरून उतरवली की दोर सोडायच्या आधी एकदा वाकून नळीत फुंकतो. काठावरची पोरं बघत असतात. परवा एकानं विचारलं, काका, होडीत हवा भरताय का.